पहिल्यातून थेट चौथ्यात

१४ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, बोटीवरचं जेवण घशाखाली उतरत असेल, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला गेला, शेजाऱ्यांचं कुत्रं अजून गेलेलं नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी भिंती नव्याने रंगवल्यात. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी रंग कसा वाटतो ते विचारतात, मग डोळ्यांचा नंबर.

फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. बोटीच्या एजंटकडून हे पाकीट तुझ्या हातात पडेपर्यंत माझा राग निवलेला असेल, पण तू तो ताजाच समज.

परवा तू जे बोललास ते आप्पांनी ऐकलं. माझे हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता. "किल्ली काढून घे त्यांच्याकडून आणि डोक्याच्या डॉक्टरला दाखव. माणसाला गिअरही कळेनासे झालेत!" सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू गेलं. आप्पा दारात उभे होते. खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आता माझं ऐक. तू ती गाडी घेतलीस आणि महिन्याभरात बोटीवर चढलास. जाताना आप्पांना सांगून गेलास, "आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर बॅटरी बसेल." तेव्हापासून दर रविवारी ते तिला बाहेर काढतात. आधी पुसतात, मग आईला शेजारी बसवतात. आई कुरकुरते. "हिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. दोनच माणसांची गाडी घेतो म्हणजे काय! उद्या बायको आली की आईला डिकीत घालेल." पण जाते, आणि जाताना केस विंचरून जाते.

आप्पांचं म्हणणं एवढंच आहे. पहिल्या गिअरमधून दांडा सरळ मागे ओढला की दुसरा पडायला हवा. तो पडत नाही. दांडा बाजूला सरकतो आणि थेट चौथ्यात जाऊन बसतो. गाडी कण्हते, थरथरते, मागचे लोक हॉर्न वाजवतात. नेहमी होत नाही, पण बरेचदा होतं. "दुसऱ्याची वाटच बंद होते गं ताई," म्हणाले.

अरे, या माणसाने जन्मभर बस चालवली. उभ्या प्रवाशाला दांडी धरावी लागू नये, अशी चालवली. त्याला दुसरा गिअर सापडत नाही, यावर तुझा लगेच विश्वास बसला. तुझ्या लाडक्या गाडीत काही खोट असेल, यावर मात्र बसेना. तुझ्या हातात असं कधी झालं नाही म्हणतोस. नसेल झालं. तू गाडी चालवतोस कुठे, उडवतोस.

पुलापलीकडे एक मिस्त्री आहे, अशा शर्यतीच्या धाटणीच्या गाड्याच बघतो म्हणे. त्याच्याकडे नेणार आहे. आणखी एक लिहिणार होते, पण राहू दे. विशेष काही नाही.

थंडी असेल तिकडे, कान बांधत जा.

तुझी
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. आधी उठून उभा राहा आणि स्वतःचे कान धर. मग पुढे वाच.

काल मिस्त्रीकडे गेलो. जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस आहे. (चष्मा चुकीच्या नंबरचा आहे, मी सांगितलं त्याला.) आधी त्याने स्वतः गाडी चालवून आणली आणि म्हणाला, "मला तर काहीच सापडलं नाही." आप्पांचा चेहरा एवढासा झाला. मग मिस्त्री म्हणाला, "काका, तुम्ही चालवा. मी बाजूला बसतो." दोघे गेले आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत आले, तर मिस्त्री हसत उतरतोय!

"काका, किती हळुवार चालवता हो तुम्ही! अशी चालवणारा माणूस या गाडीत मी आज पहिल्यांदा बघितला."

तर झालंय असं, की गाडी बिघडलेली नाहीच. ती मुद्दाम तसं करते. पेट्रोल कमी लागावं म्हणून कंपनीनेच ती योजना आत बसवून दिली आहे. गाडी तापलेली असली आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून सावकाश निघालात, की ती दुसऱ्याची वाट अडवते आणि दांडा चौथ्याकडे ढकलते. आपल्याला विचारत नाही.

आप्पांनी दोनदा खात्री करून घेतली. "म्हणजे मी नीट चालवतो म्हणून?"

"हो."

"आणि दामटली असती तर?"

"तर हूं की चूं केलं नसतं. पोरं दामटतात, त्यांना पत्ताच लागत नाही."

हे होताना समोर एक बारीकसा दिवाही लागतो. आप्पांना तो पहिल्या दिवसापासून दिसत होता. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आता म्हाताऱ्याला दिवेही दिसायला लागले."

मिस्त्रीने गाडीखाली शिरून त्या अडसराची वायर काढून टाकली. आता पहिल्यानंतर दुसरा पडतो, जगातल्या सगळ्या गाड्यांसारखा. घरी येताना आप्पांनी गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवला. आई घाबरून बाहेर आली, कुत्रं घाबरून आत गेलं.

मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं होतं, ते आता लिहायला हरकत नाही. डिसेंबरात आप्पांनी दूध गॅसवर ठेवून दोनदा पातेलं जाळलं होतं. घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती. एकदा माझ्या दुकानात आले आणि कशाला आलो ते आठवेना म्हणून तसेच उभे राहिले. मीही मनातून हादरले होते, तुला उगाच कशाला सांगा म्हणून गप्प बसले. पण ते सगळं या गाडीच्या धसक्याने होतं, आता कळलं. पोराची एवढी मोलाची वस्तू आपल्या हातून मोडली, या विचाराने माणसाची झोप उडणार नाही तर काय? काल रात्री घोरत होते.

तेव्हा आता माफी माग. फोनवर नको, तिथे तू गडबडीत गुंडाळतोस. कागदावर लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही.

तुझी विजयी
ताई


२२ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मार्चच्या सुरुवातीलाच पोचलं. आप्पांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "पोरगं मनाने मोकळं आहे," म्हणाले. बरेच दिवस ताठ चालत होते. उत्तर लिहायला मी उशीर केला. दुकानात काम फार होतं असं लिहिणार होते, पण तेवढं काही नव्हतं.

गाडी उत्तम आहे. मिस्त्रीच्या शेडमध्ये झाकून ठेवली आहे. तो स्वतः अधूनमधून सुरू करतो. आईचा पाय आता बरा आहे. घोट्याला सूज होती, ती उतरली.

पाय कशाने दुखावला ते सांगायला हवं. जरा मागून सांगते.

मार्चच्या मध्यावर आप्पा पुन्हा म्हणाले, दुसरा पडत नाही. मी तणतणत मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, तुम्ही वायर काढलीच नाही, नाहीतर अर्धवट काढली. आप्पांना शेडबाहेर स्टुलावर बसवलं आणि मी मिस्त्रीच्या शेजारी बसले. त्याने मुद्दाम आप्पांसारखी सावकाश चालवली. पहिला, दुसरा, तिसरा. थांबून पुन्हा पहिला, दुसरा. मी म्हटलं, अजून एकदा बघा. त्याने बघितलं. शेवटी गाडी बंद केली, चष्मा काढून पुसत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, गाडीत काही नाही."

परतताना आप्पा चालवत होते. सिग्नल सुटला, गाडी पहिल्यात निघाली, आणि आप्पांचा हात दांड्यावर तसाच राहिला. ते दांड्याकडे बघत होते. बसमध्ये कुणाची तरी छत्री विसरून राहिली की बघावी, तसे. "हा कुठं न्यायचा?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा मागे ओढला. दुसरा पडला. "हां," म्हणाले, आणि घरापर्यंत दुसऱ्यातच आलो.

आईला मी सांगितलं, मिस्त्रीला अजून थोडं काम करायचंय. किल्ली मात्र काढून घेतली नाही. तुझ्या त्या वाक्यातलं ते पहिलं होतं, किल्ली. ती घेतली असती तर पुढचं, डॉक्टरचं, आपसूकच आलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी दोघं नेहमीसारखे बाहेर पडले. पुढचं मला आईने सांगितलं, तेही तिसऱ्या दिवशी. आधी नुसतं म्हणत होती, "पडले, फुटपाथवर पाय मुरगळला."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर आप्पा बसथांब्यापाशी थांबले. आईला वाटलं, काही बघायचं असेल. थोडा वेळ थांबले, आरशात बघितलं, निघाले. पुढच्या थांब्यावर पुन्हा थांबले. त्यांचा जुना मार्ग होता तो. ती बुटकी दोन माणसांची गाडी प्रत्येक थांब्याला कडेला घेऊन ते उभे राहत होते, माणसं चढायची वाट बघत होते. थांब्यावरचे लोक वाकून आत बघायचे. एका बाईने विचारलं, पत्ता हवाय का?

मी आईला विचारलं, "तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"काय बोलू? इतके नीट थांबत होते. गेल्या कित्येक महिन्यांत एवढे शांत दिसले नव्हते." मग म्हणाली, "आणि त्या दिवशी एकही गिअर चुकला नाही गं. एकदासुद्धा दचका बसला नाही."

मार्ग संपतो तिथे, जुन्या कारखान्याच्या फाटकापाशी, त्यांनी गाडी उभी केली. आईकडे वळून म्हणाले, "बाई, शेवटचा थांबा आला. उतरून घ्या."

आईला वाटलं चेष्टा करतायत. ते अदबीने थांबून राहिले. म्हणून ती उतरली. त्यांनी वाकून दार ओढून घेतलं, इंडिकेटर दिला आणि निघून गेले.

आईकडे फोन नव्हता. भर उन्हात ती चालत निघाली, वाटेत पडली, आणि एका भाजीच्या टेम्पोवाल्याने तिला घरी आणून सोडलं. घरी आल्यावर तिने पाणी मागितलं आणि मला एवढंच विचारलं, "हे आले का?"

आप्पा डेपोत सापडले. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने ओळखलं म्हणून बरं. त्याने त्यांना खुर्ची दिली होती. आप्पा चिडले होते, आपली बस कुठे लावली म्हणून. पहारेकरी सांगत होता, "आज तुमची सुट्टी आहे, ड्रायव्हरसाहेब." मला बघून आप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चौकशी खिडकी तिकडे आहे, बाई."

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, आप्पांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मेंदूचं आहे. दोनेक वर्षं हळूहळू चाललं असावं म्हणाले. गोळ्यांनी वेग कमी होतो, मागे काही फिरत नाही. मी मूर्खासारखं त्यांना गाडीचं सांगत बसले, की अहो, ते गिअरचं खरंच होतं, मिस्त्रीने सिद्ध केलंय. डॉक्टर म्हणाले, "असेल ना. दोन्ही खरं असू शकतं."

ठोंब्या, तू तेव्हा बोललास ते वाईट बोललास, पण चूक बोलला नाहीस. माफी मात्र परत घेऊ नकोस. आप्पांना ती हवी होती. त्यांनी ती नीट समजून घेतली होती, तेवढे ते तेव्हा होते.

आता दिवसभर ते बाहेर पायरीवर बसतात. सकाळी आई डबा भरून देते, तो मांडीवर घेऊन. दुपारी तिथेच खातात. आईला कधी ओळखतात, कधी 'बाई' म्हणतात. ती 'ओ' देते. तुझा फोटो मी रोज दाखवते. परवा म्हणाले, "हा पोरगा रोज माझ्या बसने शाळेला जातो. मस्तीखोर आहे, पण उतरताना टाटा करतो." म्हणजे कुठेतरी आहेस तू अजून.

तुझा करार ऑगस्टपर्यंत आहे, ठाऊक आहे मला. तो पुरा करून ये, असं लिहायचं ठरवून बसले होते. तसं लिहीत नाही. पुढच्या बंदरावर उतर आणि ये. कप्तानाला काय सांगायचं ते सांग. आल्यावर त्यांच्याशेजारी पायरीवर बस, घाई करू नकोस, आणि त्यांनी कोण म्हणून विचारलं तर रागावू नकोस.

आई विचारते आहे, ताईचं पत्र लिहून झालं का. घरात मला या नावाने हाक मारणारे आता ती आणि तू, एवढेच उरलात.

तुझी
ताई