ज्वारीच्या कोठारातली शाळा

५ जानेवारी
शाळेचा इतिहास म्हणे मीच लिहायचा! पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायचीय. मुख्याध्यापक म्हणाले, "इतिहास शिकवता की तुम्ही." जसं काही पेशवाई शिकवणं आणि हे एकच! मी मान डोलावली. नोकरीत अजून कायम झालेली नाही — मान डोलावण्याशिवाय मला काही येतच नाही.

८ जानेवारी
भवानी पेठेत, शाळेची सुरुवात पाहिलेल्या नागव्वाबाईंकडे गेले. पंच्याहत्तरीच्या, पण आवाज खणखणीत. त्यांचे यजमान रुद्रप्पा भुसार व्यापारी होते. शाळेला कुणी जागा देईना, तेव्हा नागव्वाबाईंनी घरामागचं ज्वारीचं कोठार रिकामं करायला लावलं. "पोती कुटं ठेवू म्हणून मालक लई भांडले. मी म्हटलं, पलंगावर ठेवा की!" सुरुवातीची काही वर्षं शाळा तिथंच भरली. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

"हे समदं लिवा बरं का बाई."

"लिहिते की," म्हटलं. निघताना कडक भाकरी बांधून दिली.

११ जानेवारी
संस्थेच्या अध्यक्षांनी मजकूर वाचला. सोमशेखरसाहेब ओरडत नाहीत, तेच वाईट. "शाळा आमच्या वडिलांनी, गुरुलिंगअण्णांनी काढली. आमच्याच घरी भरायची. तसं लिहा." मग चहा ओतता ओतता, सहज — "तुमचा कायम करायचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे ना?"

१२ जानेवारी
लिहिलं. गुरुलिंगअण्णांच्या घरी पहिला वर्ग. मजकुरातून कोठार गेलं, नागव्वाबाई गेल्या. झक मारली आणि लिहिलं!

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर प्रकाशन. माझाही सत्कार, शाल-नारळ. नागव्वाबाई मागच्या रांगेत, ठेवणीतलं इरकल नेसून टाळ्या वाजवत होत्या. त्यांनाही एक प्रत मिळाली. त्या गेटबाहेर जाईपर्यंत मी स्टेजवरून उतरलेच नाही.

३ फेब्रुवारी
नागव्वाबाईंनी निरोप धाडून बोलावलं. स्मरणिका माझ्यापुढे ठेवली. "तुमीच वाचा की बाई. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

म्हणजे यांना वाचता येत नाही! जीव भांड्यात पडला — आणि तो पडला याचीच केवढी लाज! पान उघडलं आणि तिथं नसलेलं वाचत सुटले. कोठार, पोती, रुद्रप्पांचं भांडण, नागव्वाबाईंचं नाव. पानावर गुरुलिंगअण्णांचा हार घातलेला फोटो. तरी थांबले नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"लई चांगलं लिवलंय. अक्षी असंच झालं हुतं बगा."

वर चहा दिला. मी तो प्यायले! आणि म्हणे मी पोरांना इतिहास शिकवते!

४ फेब्रुवारी
कायम झाले. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आईला फोन केला, ती आनंदानं रडली. मला माझीच किळस येतेय.

९ फेब्रुवारी
शाळेत जाताना भवानी पेठेतून स्कूटी काढली. नागव्वाबाई दारातल्या कट्ट्यावर, भोवती शेजारणी. पेपर मोठ्यानं वाचून दाखवत होत्या — न अडखळता! एक नवी भाडेकरीण विचारत होती, "आज्जी, तुमी कुटं शिकलात?"

"आमच्याच कोठारात की! मधल्या सुट्टीत गुरुजी पाटी द्यायचे."

मग मी दिसले. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. जरा सरकल्या आणि कट्ट्यावर मला जागा करून दिली.