रेणुकाचा बंद माईक

मंगळवार, संध्याकाळ

शिक्षक बंधू-भगिनींनो, शाळा बंद होत्या तेव्हा मोबाईलवरच्या वर्गात मुलं तोंडच उघडत नव्हती, हे आपलं सर्वांचं गाऱ्हाणं! परवाच्या सभेत माझ्या या वाक्याला केवढ्या टाळ्या पडल्या. आणि आज नवी पेठेत, टॉवेलच्या दुकानात, रेणुका भेटली. तेव्हा सातवीत माझ्या वर्गात होती. आता तिथं घड्या घालते.

"सर, भाषण मोबाईलवर ऐकलं. लई भारी! पण तुम्ही मला रोज गैरहजर का मांडायचा?"

"हजर म्हणायची नाहीस. माईक कायम बंद."

"घरात चार माग चालायचे की, सर! माईक उघडला असता तर तुमचाच आवाज बुडाला असता."

ती हसली. मला हसता आलं नाही. गैरहजरांची यादी मी रोज पालकांच्या ग्रुपवर टाकायचो. ती वाचून वडिलांनी तिच्याकडून मोबाईल काढून घेतला. शाळा उघडली तरी ती आली नाही. जन्म सोलापुरात गेला माझा. मागांचा खडखडाट मला ठाऊक नव्हता? माईक बंद का गं, एवढं एकदा विचारलं असतं तर...

पुढं शिकायचंय का, असं आज विचारलं.

"व्हय. पण आता कोण घेतंय मला?"

बाहेरून दहावीला बसता येतं, हेही मला तिथं सुचलं नाही. मान खाली घालून निघालो. एरवी तासभर बोलणारा मी!

पुरे झाल्या टाळ्या, मास्तर. उद्या सकाळी तिच्या घरी जा, वडिलांसमोर चूक कबूल कर आणि तिथंच बसून तिचा बाहेरून दहावीचा, सतरा नंबरचा फॉर्म भर.