पलीकडच्या काकांची शिडी

मी, सौ. जयवंती अशोक चांदोरकर, वय चौसष्ट, राहणार देवास, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. परवा इंदूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "घाबरू नका" असे इतक्या वेळा म्हणाले की मी घाबरले.

१. घर माझ्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझे यजमान अशोक यांचे आणि त्यांच्यानंतर मुलगा पियूष याचे. रस्त्याकडची खोली ह्यांचीच राहील. मागच्या खोलीत हवा चांगली येते असे कोणी म्हणेल, ते ऐकू नये. रस्त्याकडून माणसे दिसतात.

२. बँकेतली ठेव ह्यांच्या औषधपाण्यासाठी. नथ नात जान्हवीला. पैठणी सून नीरजा हिला. ती तिने न विचारता आधीच नेली आहे, तरी नोंद असावी.

३. मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मी लिहिलेली सगळी नाटके जान्हवीला. शाळा हिंदी, त्यामुळे ती मराठी अडखळत वाचते. अडखळत का होईना, मोठ्याने वाचावी.

४. यंदाचे नाटक. हे कलम नीट वाचावे. आमच्या मंडळात प्रत्येक घराला एक भूमिका द्यायची रीत आहे. त्यामुळे नायक एक आणि मावश्या, शेजारी, पोस्टमन ढीगभर. आयुष्यभर मी ह्या लहान भूमिकांचीच काळजी वाहत आले. यंदा आमच्या घराची भूमिका ह्यांची, पलीकडचे काका. वाटणीवरून भांडण पेटलेले असते आणि काका आत येऊन म्हणतात, "माझी शिडी द्या." अर्धांगवायू झाल्यापासून ह्यांचा शब्द उशिरा येतो. नाटक पियूष बसवतो आहे. तो मला म्हणाला, "आई, बाबांच्या पॉजमध्ये पब्लिक बोअर होऊन जाते. काकांशिवाय पण स्टोरी चालते ना. हटवून देऊ?"

चालते, हे खरे. काढून टाकल्यावर कोणाचेच अडत नाही, अशाच पात्रांसाठी माझा जीव खालीवर होतो. लहान पात्रालाही स्वतःचे काहीतरी हवे असले पाहिजे, मग नायकाच्या दुःखाशी त्याचा संबंध नसेना का. ते आपले काम अर्धे टाकून आलेले असावे, हाताला चुना लागलेला असावा. आणि ते बोलेपर्यंत बाकीच्यांना थांबावे लागले पाहिजे. त्याचे वाक्य दुसऱ्याने म्हणून टाकले की ते पात्र मेले.

घरात तेच चालले आहे. ह्यांना चहा हवा का, असे विचारले की नीरजा सांगते, "हो, घेतील." पाहुण्यांनी तब्येत विचारली की पियूष सांगतो. शिडीची मागणी मी ह्यांच्याकडूनच उचलली. आमची शिडी शेजारचे गणपतराव जगदाळे यांनी रंगकामाला नेली ती नेलीच. हे रोज विचारायचे, "शिडी आली का?" उन्हाळ्यापासून विचारत नाहीत. हल्ली काहीच मागत नाहीत. ऑपरेशनपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. मी नसले तर हे त्या खोलीत नुसते बसून राहतील, आणि सगळे म्हणतील, बाबांना काही लागत नाही.

५. सबब, काकांची भूमिका काढू नये. तसेच घरात ह्यांच्याऐवजी कोणी बोलू नये. हे कोर्टात टिकणार नाही, असे वकील म्हणतात. तरी पुन्हा लिहिते. थांबावे.

सही करण्यापूर्वी हा मजकूर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, आणि पुढे काय झाले तेही खाली लिहिले. मी ह्यांना विचारले, "तुम्हाला यात काही घालायचे आहे?"

पियूष म्हणाला, "बाबांना काय..." आणि गप्प बसला.

बराच वेळ गेला. चहावर साय धरली. ह्यांनी साक्षीला आलेल्या गणपतरावांकडे पाहिले.

"शिडी," हे म्हणाले.

"देऊन टाकतो ना, अशोक भिया. शिडी काय पळून चालली?"

हे पुन्हा शब्द शोधू लागले. या वेळी कोणी मध्ये बोलले नाही. पियूषही नाही.

"आज," हे म्हणाले.

स्थळ: देवास
दिनांक: २२ ऑगस्ट २००४

सही: सौ. जयवंती अशोक चांदोरकर

साक्षीदार:
१. उमाबाई खेर
२. गणपतराव जगदाळे (शिडी आणून अंगणात लावल्यावर सही घेतली.)