येताना भूक आणा

बाई, उद्या येळ अमावास्या. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील लावलीय, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलंय आणि आत्ता कुठं भिंतीला पाठ टेकलीय. दुपारी फोन आला होता. कॉलेजातल्या दोन मुली उद्या शेतावर यायच्या आहेत. तुमच्यासारख्याच, लोक कसे राहतात, काय खातात, कशाला हात जोडतात ते बघायला. त्यातली एक गोड आवाजात म्हणाली, "आजी, आमच्यासाठी काही त्रास घेऊ नका हं. आमचा डबा आम्ही आणतो." माझ्या हातातला डाव हातातच राहिला. इतक्या वर्षांनी तेच बोलणं, त्याच मायेनं केलेलं.

तुम्ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतलीत तेव्हा सगळ्या गल्लीला कोडं पडलं होतं. पुण्याची शिकलेली बाई, एकटी राहते आणि विचारते काय, तर भाकरी कोण थापतं आणि आधी कोण जेवतं! मानववंशशास्त्र हा शब्द माझ्या तोंडात बसेपर्यंत दिवाळी उलटून गेली. मी चौथी शिकलेली, पण मराठी आणि कानडी दोन्ही जिभेवर, म्हणून तुम्ही मला सोबत घेतलंत. मी तुम्हाला नेलं ते माझ्या मामाच्या गावी, अक्कलकोटच्या वाटेवर. माझ्या शब्दाखातर मामीनं तुम्हाला चुलीपाशी पाट दिला, आणि तिनं दिला म्हणून बाकीच्या घरांनी दिला.

ते दुष्काळाचं साल. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळून गेलेली. घरोघरची माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. मला वाटलं होतं, यंदा येळ अमावास्येला कोण कशाला शेतावर जेवायला जातंय. पण मामीनं पाणी घालून ताक वाढवलं, चार शेंगा मिळाल्या त्यांची भज्जी, मिसळीची भाजी, केली आणि आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन निघाली. कडब्याची खोप, आत पाच दगड मांडलेले, त्यांची पूजा झाली. मामा रस्त्याला जाऊन उभा राहिला. येईल जाईल त्याला हाक मारत होता, "बर्री, ऊटा माड्री! या, जेवून जा!" आणि आपण दोघी एसटीतून उतरून बांधावर आलो. मामीनं पत्रावळ मांडली. तुम्ही हात जोडून म्हणालात, "नको मामी, मी डबा आणलाय. तुमच्या घासात वाटेकरी कशाला?"

 मामीनं पत्रावळ उचलली आणि पालथी घातली.

त्या पालथ्या पत्रावळीचा अर्थ तुम्हाला पुढच्या फेरीला कळला. मामाला कामं निघाली. शेजारणीनं दार लोटून घेतलं. एरवी वट्ट्यावर गप्पा ठोकणाऱ्या बायका "आमाला काय ठावं न्हाय" म्हणून सुपात डोकं घालून बसल्या. घरी आल्यावर मी तुम्हाला सांगितलं की त्या दिवशी वाटेवरचा माणूस जेवला तर रान तृप्त होतं, आणि बांधावर येऊन कुणी उपाशी गेलं तर ते पुढच्या पिकाला बरं नाही. आधीच रान करपलेलं, त्यात हे.  मी म्हटलं, "सोडा की बाई ते गाव. सोलापूरच्या भोवती गावांना काय तोटा?" तेव्हा तुम्ही मला झापलंत. "गाव म्हणजे काय भाजी आहे, किडकी निघाली म्हणून दुसरी घ्यायला? जिथं सांडलं तिथंच पुसायचं." मामीला साडी न्यावी का, धान्य न्यावं का, असा विचार केलात आणि स्वतःच नको म्हणून मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता निघालात, मी मागोमाग.

अजून दिसतं मला. मामीच्या दारात तुम्ही उभ्या आहात, पायांवर धूळ, तोंड सुकलेलं. पिशवीसुद्धा नाही हातात.

"मामी, भूक लागलीय. भाकरी वाढा."

मामी जात्यावरून न उठता म्हणते, "का? डबा सरला व्हय?"

"आणलाच नाही."

"आमची मिलोची भाकरी हाय. पुण्याच्या नरड्यातनं उतरायची न्हाय ती."

"नाही उतरली तर पाणी द्या की वरनं."

माझा जीव टांगणीला. बोलणी करून मीच आणलं होतं तुम्हाला. आता मामीनं हाकललं तर माझंही माहेर तुटलं. मामीनं तुम्हाला नखशिखांत न्याहाळलं आणि फस्सकन हसली. "बस. पर दोन खाल्ल्याबिगर उठायचं न्हाय." दुसरी भाकरी खरंच तुमच्या घशात अडकली, आणि तिनं पाण्याचा तांब्या तुमच्या तोंडाला लावला. मग तिचे प्रश्न सुरू झाले. लगीन का न्हाय केलं? आई कुटं असती? म्हातारीला भाकरी कोण घालतं? तुम्ही सांगत होतात, सांगता सांगता डोळे पुसत होतात, आणि मामी भरात कानडीवर घसरायची तेव्हा मी कानडीतून मराठीत, मराठीतून कानडीत करता करता थकले. त्या दिवसापासून मामी तुम्हाला "अहो बाई" म्हणायची थांबली. "अगं ए" म्हणायला लागली. गावाची दारं आपोआप उघडली.

आता मामा-मामी नाहीत, तुम्ही नाही. मामाची मुलं पुण्याला, शेत वाट्यानं दिलेलं. माझ्या सुनेचं म्हणणं, "आत्या, कशाला ऊन खाताय? घरीच करू की नैवेद्य." पण घरात बसून वाटसरू कुठून आणायचा? खोप उद्याही उभी राहील आणि रस्त्यावर हाक मारायला मीच उभी राहीन. त्या मुलींना संध्याकाळी फोन करून बजावलंय, "डबा आणलात तर बांधावर पाय ठेवायचा नाही. येताना भूक आणा." दोघी खुदुखुदु हसल्या. हसू देत, येतील त्या.

हे कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही. एक सांगते, ते तुमच्यापाशीच राहू द्या. आंबिलाचं मडकं आता मला उचलत नाही. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत गुडघा वाकला, तरी सुनेनं हात पुढं केला तेव्हा "होतंय माझं" म्हणून तिला मागं सारलं. दुसऱ्यांना भूक आणा म्हणून सांगणं सोपं आहे, बाई. दारात उभं राहून "द्या" म्हणायला तुम्हाला कसं जमलं, हे मला अजून कळलेलं नाही. पण उद्या आम्ही सगळ्या एसटीतून उतरलो, की म्हणणार आहे मी त्या पोरींना, "अगं ए, मडकं धरा गं. मला उचलत नाही."