तीन भिंतींचं घर

प्रिय नूरभाई,

तू गेल्यापासून तुझ्याशी काही बोलायचं असलं की मी कबरस्तानात येतो. या आठवड्यात दोनदा आलो, आणि दोन्ही वेळा तोंडातून शब्द फुटला नाही. तसाच उभा राहिलो आणि तसाच परत आलो. म्हणून आज कागद घेतला. बोर्ड रंगवण्यात जन्म गेला, जीभ अडली तरी हात चालतो.

ऐक. सोमवारी मशीन येणार आहे. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाला टेकून असलेली आपल्या गल्लीतली सगळी घरं पाडणार आहेत. तुझंही आणि माझंही. आणि शकीलाभाभी उठत नाही रे! तुझ्या हातच्या त्या मोठ्या पत्र्याच्या पेटीवर कालपासून बसून आहे. माझ्या सुलोचनानं भाकर आणि अंबाडीची भाजी नेऊन ठेवली, ती तशीच वाळली. गडचांदूरहून तुझी मुलगी रेहाना आली, रडली, ओरडली, पाया पडली. भाभी म्हणते, "मी याहिले सोडून कुठी जाऊ?" याहिले म्हणजे तुला.

काय करू मी? सांग ना! नेहमी तर मला बोलूही देत नव्हतास, आता काऊन गप्प?

खरं सांगू? राग येतो तुझा. आपला परकोट वाचावा म्हणून या गावात कोणी जीव टाकला असेल तर तू. शुक्रवारी नमाज झाली की हातात खुरपं घेऊन निघायचास. भिंतीच्या फटीत उगवलेली पिंपळाची रोपं एकेक करून मुळासकट ओढायचास. उन्हानं डोकं फुटायची वेळ आली तरी खाली उतरायचा नाहीस. खालून लोक चिडवायचे, "काय गा नूरभाई, सासऱ्याचा वाडा आहे काय?" आणि तू वरून, "सासऱ्याचा असता तं पिंपळाले खतपाणी देलं असतं!" भाभी आतून भांडं आपटायची, आणि सगळी गल्ली हसायची.

अर्ज लिहायला मात्र मी. मजकूर तुझा, अक्षर माझं. "परकोट हा चंद्रपूरचा श्वास आहे, तो मोकळा करावा." किती कार्यालयांत दिले असतील आपण ते अर्ज! कोणी वाचत नाही असंच वाटायचं. आता वाचले, नूरभाई. आता मोकळा होतोय परकोट. आणि तो मोकळा व्हायला आड येतंय ते तुझंच घर!

तुला हे कधी सुचलंच नाही का रे? एकदा तरी? की सुचलं होतं आणि बोलला नाहीस?

आपल्या बापांनी इथं घरं बांधली तेव्हा त्यांच्याजवळ होतं काय? तीन भिंतींपुरत्या विटा. चौथी राजानं आधीच बांधून ठेवलेली, हातभर नाही, चांगली माणूस आडवा झोपेल एवढी जाड. मे महिन्यात सारं चंद्रपूर तव्यावर पडल्यासारखं होतं, पण त्या दगडाला पाठ लावून बसलं की दुपार निघून जायची. लोक म्हणायचे ही फुकटची भिंत आहे. तुझे अब्बा म्हणायचे, ही ठेवायला दिलेली भिंत आहे. म्हणूनच गल्लीचा तो रिवाज पडला. चौथ्या भिंतीला खिळा नाही. चुना नाही. कॅलेंडर, आरसा, देवाचा फोटो, काबा शरीफची तसबीर, जे काय टांगायचं ते तीन भिंतींवर. दिवाळीला आम्ही आणि ईदला तुम्ही तीन भिंती रंगवायचो, चौथी नुसत्या पाण्यानं धुवायचो. नवीन सून आली की सासू तिला चूल दाखवायच्या आधी ते दगड दाखवायची, "याले हात लावजो, खिळा नको लावजो." बाहेरगावचा माणूस हसायचा. आपल्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

आणि तुझी ती गावफेरी! कोणाकडेही पाहुणा आला की तू दारात हजर. नागपूरची माणसं यायची वाघ बघायला, ताडोब्याला निघालेली. तू त्यांना अडवायचास. "वाघ काय, वाघ आमच्याकडे रस्त्यानं जाते. आधी हा जटपुरा दरवाजा पाहा. वर पाहा, हत्तीच्या डोक्यावर सिंह बसला आहे. असा दगडातला सिंह तुमच्या नागपुरात आहे काय?" मग अंचलेश्वराचं देऊळ, मग राणीनं आपल्या राजासाठी बांधलेली समाधी. तिथं मात्र तुझा आवाज खाली यायचा. "नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेलं सारी दुनिया पाहाले जाते. आमच्या राणीनं नवऱ्यासाठी बांधलं, ते कोणाले मालूम नाई." मग महाकाली. चैत्रात मराठवाड्यातून जत्रेला आलेल्या बायकांना झरपट नदीच्या काठी प्यायचं पाणी द्यायला तू तुझ्याच हातच्या बादल्या घेऊन उभा असायचास. शेवटी रामाळा तलावावर बसवून शेंगदाणे खाऊ घालायचास आणि सशाची गोष्ट सांगायचास.

ती गोष्ट मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली, तरी ऐकावीशी वाटायची. राजाचा कुत्रा सशामागं धावला नाही, ससाच कुत्र्यामागं धावला! राणी म्हणाली, ज्या मातीत सशाला एवढी हिंमत येते तिथं गाव वसवा, आणि ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं भिंत घाला. लहानपणी रेहाना विचारायची, "अब्बा, ससा आपल्या घरातून गेला?" "तं काय! चुलीजवळून गेला, तुझ्या अम्मीनं पाहिला नाई म्हणून वाचला."

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले तो दिवस आठवतो? तेही मे महिन्यात! तू मुलाच्या बापाला पठाणपुऱ्यापासून परकोटावर चढवलंस आणि बिनबा दरवाजापर्यंत चालवलंस. चपलेचा अंगठा तुटला त्यांचा, डोकं तापलं, खाली आले ते थेट रांजणाजवळ. पन्हं पिऊन म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण गावात आणखी काही पाहाचं असन तं आत्ताच नाही म्हणतो." अजूनही फोन केला की आधी विचारतात, "तुमचा तो दोस्त आसपास नाई ना?" तू गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर ढसाढसा रडले रे.

अशा माणसाची बायको आज पेटीवर बसून आहे.

मोजायला आलेला साहेब वाईट नाही. वयानं माझ्या मुलाएवढा. भाभीला "आजी" म्हणाला, खाली बसून बोलला. "आजी, कागदावर हे घरच नाही. घराला चार भिंती लागतात, तुमच्या तीनच."

भाभी म्हणाली, "चौथी राजानं देली."

तो हसला, आणि मग त्याचं हसू आपोआपच विझलं. म्हणाला, तुम्हाला गावाबाहेर खोली मिळेल, त्यासाठी मी स्वतः बघतो. सोमवारच्या आत कोणाला आपलं घर आपण काढून न्यायचं असेल तर न्या, विटा, दारं, पत्रे सगळं तुमचंच. त्यानंतर मात्र माझ्या हातात नाही. तो बिचारा आपल्याच अर्जाचं काम करायला आलेला. त्याच्याशी भांडू तरी कसा?

मी कुठं जाणार, विचारशील. मुलानं नागपुरात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय, तिकडे. सुलोचनानं तुळशीचं रोप डब्यात काढून ठेवलं. मी माझ्या ब्रशचा डबा बांधला आणि परत सोडला. या गावातल्या अर्ध्या दुकानांची नावं माझ्या हातची होती, फ्लेक्स आले आणि ती पुसली गेली. तेव्हाही वाटलं, जाऊ दे, राहायला तर इथंच आहे. आता ते "इथं"सुद्धा राहिलं नाही. सकाळी उठून झाडलोट करतो आणि मधेच थांबतो, कशासाठी झाडतोय?

पण मी जाईन. मला ओढत न्यावं लागणार नाही. भाभीला मात्र सोमवारी दोन शिपाई बायका दंडाला धरून बाहेर काढतील आणि ते मला बघावं लागेल, या विचारानं अन्न उतरत नाही. तुझ्या बायकोला, नूरभाई! जिनं या गल्लीत कधी आवाज चढवला नाही तिला! शेवटच्या दिवसांत तू त्या दगडावर तळहात टेकवून पडलेला असायचास, आणि म्हणालास, "गज्जू, हिच्याकडे पाह्यजो." पाहतोच आहे. नुसता पाहतोच आहे.

*

इथं कागद ठेवून उठावं लागलं. आता दुपार टळली आहे. जे झालं ते सांगतो.

शेजारच्या गल्लीत आजच मशीन लागलं. आवाज आला म्हणून गेलो. चालवणारा पोरगेलासा, दिवसभर उन्हात बसून डोळे लाल झालेले. घर कुठं संपतं आणि परकोट कुठं सुरू होतो ते त्याला वरून दिसतच नव्हतं. विटांचा ढीग ओढताना मशीनचा दात मागच्या भिंतीत घुसला. एक दगड हलला आणि खाली आला, नूरभाई. आपल्या कमरेएवढा दगड. एवढ्या वर्षांत इरई नदीचा पूर कितीदा त्याला धडकून मागं फिरला असेल, तेव्हा हलला नाही तो. साहेब धावत आला, मशीन थांबवलं, पोराला बोलला. पण दगड खाली आला तो आलाच.

मी परत येऊन भाभीच्या ओसरीवर बसलो. तिला समजवायला नव्हे, समजवण्याचं त्राणच उरलं नव्हतं. ती म्हणाली, "काय झालं, भाईसाब? चेहरा काऊन उतरला?"

मी खोटं बोलू शकलो नाही. सांगितलं जसं झालं तसं.

रेहाना दाराशी उभी. मग भाभीनं विचारलं, "आपल्या घरातबी तसंच लागन काय ते?"

"लागन, भाभी. घर पाडायचं म्हटलं की लागणारच."

"आपण हातानं काढलं तं?"

"तं मशीन येणारच नाई."

ती पेटीवरून उठली, नूरभाई! गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत, पण उठली. म्हणाली, "मंग बसले काऊन तुम्ही? याहिनं जन्मभर त्याले ओरखडा नाई येऊ देला. माझ्यापायी याहिच्या परकोटाचा दगड पडला तं वर जाऊन काय तोंड दाखवू? सब्बल आणा. आपलं घर आपण काढू."

रेहाना म्हणाली, "अम्मी, पहले कुछ खा तो लो." भाभी म्हणाली, "ला. काय आहे?" ती वाळलेली भाकर पाण्यात भिजवून खाल्ली तिनं, माझ्यासमोर. मी तोंड फिरवलं.

मला वाटलं होतं ती उठली की माझ्या जिवाला थोडं बरं वाटेल. नाही वाटलं. ती उठली म्हणजे घर गेलं, हे आत्ता कुठं समजलं मला. ती बसून होती तोवर कुठंतरी वेडी आशा होती की बसण्यानंही काही होईल. आता ती आशाही गेली. तुझ्या ओसरीवर बसूनच हे लिहितोय, आत ती तुझ्या पत्रा कापायच्या कातरी, हातोड्या एकेक करून पेटीत ठेवते आहे. प्रत्येक वेळी लोखंडाचा आवाज होतो आणि मला वाटतं तू आहेस.

घर सुटतंय, गाव सुटतंय, तूही इथंच राहतोयस. ती रेहानाबरोबर गडचांदूरला, मी नागपुरात. आपल्या मधल्या भिंतीपलीकडून तुझा खोकला ऐकू यायचा बंद झाला तेव्हा एकदा मेलो होतो. हे दुसऱ्यांदा. कोणाला सांगू? सुलोचनाला सांगितलं तर ती मोडेल, म्हणून तुलाच सांगतो. मी घाबरलोय रे. फार घाबरलोय.

तरी एक वचन देतो. उद्या उजाडताच तुझ्या घराचे पत्रे उतरवू. भाभी स्वतः पहिली वीट काढणार आहे, रेहाना दुसरी, तिसरी मी. गल्लीतल्या बाकीच्यांनाही सांगून आलो, तेही आपापलं घर हातानं काढणार आहेत. जिथं आपल्या विटा परकोटाला चिकटल्यात तिथं ती लोखंडी सब्बल लावणार नाही, तुझ्या खुरप्यानं हळूहळू सोडवीन, बोटं सोलली तरी चालतील. सोमवारी साहेब येईल तेव्हा त्याला परकोट सापडेल, आणि त्यावर आमच्यापैकी कोणाचा ओरखडा सापडणार नाही.

भाभी हाक मारते आहे. जातो.

तुझ्या भिंतीपलीकडचा,
गज्जू पेंटर