पाटीचं पेन

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे पेन परत! उद्याच्या उद्या!

पेन कसलं, टोकाला रबराचं बोंड लावलेली काडी. पोरगा ऋषिराज साताऱ्याहून येताना टॅब घेऊन आला, त्याच्याबरोबर हे. टॅबला मी पाटी म्हणतो. पाटीवर हात टेकला की तळव्याचं उमटतं, पेनाचं राहतं बाजूला. माझंच नाव 'हंबीरराव' लिहायला गेलो तर 'ह'च्या डोक्यावर नुसत्या रेघोट्या. हात अधांतरी धरून लिहा म्हणे. अधांतरी! मी काय भिंत रंगवतोय?

पोरगा शांतपणे म्हणाला, "आप्पा, सवय होईल." सवय कधी होणार? ४ मार्चला मिरजेला ऑपरेशन. घशात जे वाढलंय ते आवाजाच्या पेटीसकटच काढावं लागणार, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. मानेला भोक, श्वास तिथून. पुढं काही महिन्यांनी गळ्यात व्हॉल्व बसवला तर थोडंफार बोलता येतं, पण सगळ्यांनाच जमतं असं नाही. तोवर लिहून दाखवायचं. "काय अडतंय लिहून दाखवायला?" म्हणाले.

काय अडतंय! पलूस तालुक्यातल्या कुठल्याही यात्रेत जाऊन विचारा, कुस्त्यांच्या मैदानात माइकवर समालोचनाला कोण असतो. फौजेतून हवालदार होऊन घरी आलो तेव्हापासून मीच. लाइट गेली तरी शेवटच्या रांगेतला माणूस माझ्या आवाजावर शिट्टी मारायचा. दिवाळीत घसा बसला, तो उठलाच नाही.

मघाशी चष्म्यासाठी ओरडलो, आवाज पार फाटला. बनुबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाकावर हाय." रोजचंच आमचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगली. दुकानात काउंटरला एक मुलगी होती. मोठ्या मनाची, मी दुपारपर्यंत तिची काच खरवडत बसलो तरी हूं का चूं नाही.

एक पेन बघता क्षणी आवडलं. वजनदार, चार्जिंगची भानगड नाही. ते दुसऱ्या कंपनीचं निघालं, आपल्या पाटीवर मुकं. मग तिनं चार्जिंगवालं दिलं. "काका, हात टेकवा बिनधास्त. फक्त पेनाचंच उमटतंय." खरंच! तळवा ठेवला, मनगट ठेवलं, पाटी ढिम्म. पण टोक काचेवर सटासट घसरायला लागलं. माझी वेलांटी निघाली थेट कर्नाटकात. तेव्हा तिनं काचेवर खरखरीत फिल्म चिकटवली. लिहिताना कुरकुर आवाज आला, कागदावर येतो तसा. का कोण जाणे, त्या आवाजानं बरं वाटलं.

एवढंच की पेन बारीक. माझा अंगठा एका कुस्तीत मोडलेला, तो नीट वळत नाही. घरी येऊन सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला पेनाला. आता मुठीत बसतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहितोय! ऋषिराज बोलतो, मी लिहितो. "आप्पा, झालं तुमचं. पेन जमलं." पोराचा जीव भांड्यात पडला. माझाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

म्हटलं तालीम करू. तोंड बंद. पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सुंदर अक्षरात लिहिलं — 'चहा कर. साखर कमी.' बनुबाईसमोर धरलं. तिनं हात पदराला पुसले, पाटी हातात घेतली, बराच वेळ बघितली. मग हसून म्हणाली, "लय भारी अक्षर हाय तुमचं."

आणि भाकरी थापायला लागली.

मी तसाच उभा. हिला वाचता येत नाही! मला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाच्या आधीपासून ठाऊक. कधी अडलंच नाही. मी ओरडायचो, ती उत्तर द्यायची, संसार झाला. आणि आम्ही शहाणे बाप-लेक पेन निवडत बसलो. टोक बघितलं, फिल्म बघितली, चार्जिंग बघितलं. वाचणार कोण, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही! पोरगा सुट्टी संपली की साताऱ्याला. घरात आम्ही दोघंच. ऑपरेशननंतर मी दिवसभर कुणाशी बोलणार होतो? हिच्याशीच ना?

चहा पाठोपाठ आलाच. ह्या वेळी मला चहा लागतो, हे तिला लिहून द्यावं लागत नाही. पण चहाचं ठीक. बाकीचं काय?

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऋषिराजला सांगितलं. तो म्हणाला, "थांबा, पाटीलाच वाचायला लावू." काहीतरी ॲप भरलं त्यानं. मी लिहिलं, 'पाय चेपून दे.' पाटीतून एक बाई बोलली. गोड, शहरी, सपाट — "पाय चेपून दे."

माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझे पाय चेपायला ही बाई सांगणार!

बनुबाईनं मान वर करून विचारलं, "कोन ही?" आणि वर, "तिला म्हनावं, तुजं तू चेप."

हसलो आम्ही. पण नंतर मी पाटी आपटायलाच निघालो होतो. माझं अर्धं अक्षर त्या बाईला लागत नाही, रेंज गेली की मुकी होते. आणि लागलं तरी? तिच्या तोंडून मी माझ्या बायकोशी बोलू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

पोरानं हार मानली नाही. आईच्या फोनमध्ये त्यानं सगळ्यांचे फोटो लावून दिलेत, ती फोटो बघून बरोबर फोन लावते. म्हणाला, "तसंच करू. पेनानं चित्र काढायचं, त्याला तुमचा आवाज जोडायचा. चित्रावर बोट ठेवलं की तुम्हीच बोलाल." लाल टिकली दाबली की आवाज भरायला सुरुवात, परत दाबली की बंद. ही शेंगा फोडत सगळं बघत होती.

मी म्हटलं, मग तयार फोटोच लाव. तर म्हणे, दवाखान्यात नवीन काही मागायचं झालं तर काढावंच लागेल, आत्ताच हात बसू द्या. बरोबर आहे.

कप काढला. बादली झाली. 'दुखतंय' म्हणून तोंड काढलं, ते हसतंय असं वाटायला लागलं. लघवीचं काय काढायचं यावर दोघं मायलेक खिदळत बसले, मी पेन ठेवून दिलं. पण संध्याकाळपर्यंत जमली थोडी. आवाजही भरले. घसा खाकरून, जमेल तेवढा लावून — "चहा आणावा!" "अंगात कळ आहे!"

हिला ऐकवलं. तिचं तोंड पडलं.

"ह्ये तुमी न्हाई," म्हणाली. "ह्यो मैदानातला मानूस हाय."

काय करायचं आता हिच्यापुढं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पेनाचं चार्जिंग संपलं. सकाळी भरून ठेवलेलं. उसाला पाणी बघून आलो, तोवर मेलेलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजही तेच! तणतणत सांगली गाठली. त्या मुलीनं सगळं तपासलं. पेन ठणठणीत म्हणाली. "वापरल्याशिवाय इतकं उतरत नाही, काका. घरात कुणी वापरतं का?"

"कोण वापरणार? मी शेतात, आणि बायको तर पेनाला हातसुद्धा लावत नाही!" नको ते बोललो तिला. फसवताय म्हणालो. लोक बघायला लागले. बिचारीनं मुकाट्यानं नवीन पेन दिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या गावची यात्रा. डॉक्टरांनी ताण देऊ नका सांगितलेलं. गेलो. कमिटीच्या नानासोनं विचारलं होतं, "हंबीरराव, एकदा येऊन जा गड्या, लोक वाट बघत्यात." न जाऊन कसं चालेल?

दुसऱ्याच कुस्तीला आवाज गेला. ओठ हलतायत, माइकमधून नुसती हवा. हलगी थांबली. पैलवानसुद्धा माझ्याकडं बघायला लागले. नानासोनं हळूच माइक काढून घेतला. "द्या. बसा जरा."

बसलो. पहिल्यांदाच मैदानात खाली बसून कुस्त्या बघितल्या. मेल्यावर आपल्यावाचून सगळं कसं चालेल, ते जिवंतपणी बघून आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवीन पेनही दुपारी मेलं.

ह्याच्या भरवशावर गळा कापून घेऊ? खाटेवर पडलोय, घुसमटतोय, बादलीसारखा कप काढतोय आणि तेवढ्यात पेन बंद? ऋषिराजला फोन केला. तारीख पुढं ढकल. यात्रांचा हंगाम संपू दे, चांगलं पेन मिळू दे, मग बघू. तो म्हणाला, "आप्पा, लांबवू नका म्हणालेत डॉक्टर. ते आता वाढतंय."

"बाप कोण आहे, तू का मी?" म्हटलं आणि ठेवला.

ही दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा दिला आणि माझ्यासमोरच बसली. अशी कधी बसत नाही.

"पेनाचं निमित्त बास झालं," म्हणाली.

मी म्हटलं, निमित्त कसलं, पेन खरंच—

"आवं, मला वाचता येत न्हाई म्हनून तुमी मरनार व्हय?"

ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. विचारत होती. मग म्हणाली, "तुमी काय म्हनताय ते कळल्याबिगर मी जागची उठनार न्हाई. मग तर झालं?"

इथं कुणी वाचणारं नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. मरणाची वाटते, ती नाकारत नाही. पण त्याहून मोठी भीती ही, की मला हिला काहीतरी सांगायचं असेल, अगदी आतलं, आणि ही पाटीकडं बघून म्हणेल, लय भारी अक्षर हाय. आणि दोघंही तसेच बसून राहू. फौजेत असताना बर्फातून घरी पत्र धाडायचो, ते वाचून दाखवायला गल्लीतलं कुणीतरी लागायचं. म्हणून पत्रात कधीच काही लिहिलं नाही. पीकपाणी, पाऊस, तब्येत. जे बोललो ते तोंडानं, सुट्टीवर आल्यावर.

दुपारी ऋषिराजला फोन केला. तारीख तीच ठेव.

३ मार्च, सोमवार

मिरज. उद्या सकाळी. पाटी हिच्या पिशवीत, पेन भरलेलं.

दिवसभर बोलत होतो. घोगरं, तुटक, काय सुचेल ते. हिनं एकदाही गप्प बसा म्हटलं नाही.

८ मार्च, शनिवार

आहे.

नर्सला पाटीवर लिहून दाखवलं — 'पाणी'. "अजून नाही मिळणार, काका," म्हणाली. अक्षर लागतंय तर!

हिच्यासाठी चित्रावर बोट ठेवलं. "अंगात कळ आहे!" मैदान दणाणलं वॉर्डात. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. ही उठली, उशी नीट केली, पण एक अक्षर बोलली नाही. त्या माणसाशी ती बोलत नाही. खिडकीबाहेर बघत बसली. मीही.

१० मार्च, सोमवार

सकाळी हिनं पाटी माझ्या पोटावर ठेवली. एक पान उघडलेलं. चित्र माझं नव्हतं. दोन वाकडे गोल, मधे रेघ, बाजूला दोन दांड्या.

पानं मागं सरकवत गेलो. चष्मेच चष्मे! भोपळ्यासारखे, बांगड्यांसारखे, एकमेकांवर चढलेले, एका काचेचे. मी उसाकडं गेलो की ही काढत बसत असणार. म्हणून पेन मरत होतं. आणि मी त्या सांगलीच्या पोरीला काय काय बोललो!

शेवटच्या चष्म्यावर बोट ठेवलं.

"बने, कुठं ठेवलायस गं माजा चष्मा!"

मी. मैदानातला नव्हे, घरातला. फाटलेला, चिडलेला, मागं कुकरची शिट्टी. लाल टिकली दाबून हिनं तेवढंच भरलेलं. पुढं काही नाही.

पुन्हा ठेवलं बोट. ही माझ्याकडं पाठ करून चादरीची घडी घालत होती. वळलीसुद्धा नाही.

"नाकावर हाय," म्हणाली.