आईविरुद्ध पडलेलं माझं मत

मी, जॉरी ट्रेव्हेना, वय सव्वीस, मूळ राहणार पोलगार्थ, कॉर्नवॉल, सध्या उत्तर समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर कामाला, हे पूर्ण शुद्धीत लिहितो. दर पाळीला हेलिकॉप्टरने समुद्र ओलांडायचा, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, चुका पोटात घालाव्यात.

१. बँकेतली शिल्लक, व्हॅन आणि हत्यारं माझी आई लव्हडे ट्रेव्हेना हिला. व्हॅन उतारावर लावू नये, हँडब्रेक धरत नाही.

२. डेन्झिलमामाला काही नाही. वीस वर्षं आमच्या छोट्या पक्षात काढून तो मोठ्या पक्षात गेला आणि वर आईला म्हणाला, "ताई, जन्मभर विरोधातच बसायचंय ना, मग उशी तरी घेऊन जा."

३. लाकडी उलथनं आईला परत. दाराच्या फटीतून तिच्या प्रचाराची पत्रकं सारताना कुत्र्याने बोट धरू नये म्हणून तिने ते मी नऊ वर्षांचा असताना दिलं होतं. दातांच्या खुणा आहेत. दारोदार एकच ऐकायचो, बाई चांगली आहे, पण एकटी काय करणार, तिला मत म्हणजे वाया.

४. हे कलम कबुलीचं. २०२१ च्या कौन्सिल निवडणुकीत मी इथे होतो. माझ्या वतीने मत टाकायचा अधिकार आईला होता आणि ती स्वतः उभी होती. इस्पितळाची बस बंद करू म्हणणारा उमेदवार पडावा म्हणून मी फोनवर म्हणालो, "तू यंदा काही निवडून येत नाहीस. दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या बाईला टाक."

"मत तुझं आहे," ती म्हणाली.

मोजणीत आई आणि तीच बाई सारख्या निघाल्या, चारशे एकतीस. चिठ्ठी काढली. आई हरली. मी विचारलं, खरंच तिला टाकलंस? म्हणाली, "तू सांगितलंस त्याच नावापुढे फुली मारली. खोटी कशी मारू?"

त्याआधी बारा वर्षं ती कौन्सिलात आमच्या पक्षाची एकटीच सदस्य होती, दर सभेत उठून इस्पितळाच्या बसबद्दल विचारायची. सगळे हसायचे, पण बस चालायची. विचारणारं कोणी उरलं नाही, तशी वर्षाच्या आत ती बंद झाली.

५. येत्या मे महिन्याचं मतही आईच्याच हाती आहे. यंदा अर्जांची मुदत संपली, आमच्या पक्षातर्फे कोणीच उभं नाही, तीही नाही. माझा मताचा कागद कोराच घडी घालून पेटीत टाकावा.

६. हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम आईचं. सांगितलं तसंच ती करते.

सही: जॉरी ट्रेव्हेना

दोघांनी समोर बसून सही पाहिली, दोघांनाही यातलं काही मिळणार नाही:
ॲलिस्टर बुकन, क्रेनचालक
गॅरेथ प्रोसर, आचारी

उत्तर समुद्र, ६ एप्रिल २०२५